छाट

मला वाचता येत नाही, म्हणून लावण्या वाचून दाखवत होती,
मधले शब्द गाळून.
मी पत्ती कापत होते. कात्री थांबवली नाही,
पण जिथं तिचा श्वास अडकला
तिथं काय लिहिलं असेल ते कळलं.

अकरा वेळा तिनं त्याला ब्लॉक केलं.
अकरा वेळा तो नवं नाव घालून आला,
कधी गुलाबाचा फोटो, कधी तिच्या मैत्रिणीचा,
एकदा तर लावण्याचाच.
आज हिरवा ड्रेस का, म्हणाला.
विडी घरकुलात पाण्याच्या टाकीखाली
ती बसला कधी उभी राहते, तेही त्याला ठाऊक.
कसं गं, म्हटलं.
अम्मा, मी टाकलेल्या फोटोत मागं टाकी दिसते.
मग रडली. एवढ्या सगळ्यात
टाकीसाठी रडली.

शेजारचे सत्तय्या म्हणाले, फोन काढून घ्या,
कॉलेज पुरे, स्थळ बघा.
अण्णा, ब्रँचमधला चेकर विड्या छाटतो,
तोही आमचे हात मागत नाही.

तीस वर्षं सूप मांडीवर आहे.
चेकर नऊशे म्हणाला की मी दोऱ्याच्या गाठी दाखवते.
म्हणून म्हटलं, पुसू नकोस.
घाण आहे, तरी पुसू नकोस.
तारीख राहू दे, वेळ राहू दे, त्याची सगळी नावं राहू देत.
पंचविसाचा एक कट्टा बांध.

दोन कट्टे भरले, वर सात.
अशोक चौकात झेरॉक्सवाला पोरगा वाचायला लागला
तसे मी कागद पालथे धरले.
हजार विड्यांचे पैसे त्यातच गेले.

सायबर ठाण्यात साहेब म्हणाले,
मुलींनी फोटो टाकायचेच कशाला?
लावण्या खाली बघायला लागली.
साहेब, म्हटलं, ड्रेस माझ्या विड्यांचा आहे.
तुम्ही कागद मोजा. सत्तावन्न आहेत.
कोपऱ्यातल्या बाई पोलिसांनी खुर्ची ओढली,
पेनाचं टोपण काढलं.

तो अजून सापडला नाही.
अर्जाचा नंबर मी दाराच्या आत खडूनं काढून घेतलाय,
आकडे तेवढे येतात मला.
रात्री फोन वाजला की दोघी एकदम उठतो.

काल लावण्यानं नवा फोटो टाकला.
ओळखीच्यांनाच दिसेल, म्हणाली, जागा बंद केलीय.
मागं नुसती भिंत.
मी हात पदराला पुसून बघितला.
ड्रेस हिरवाच होता.