पेट्रोलची वही

येलदरीच्या काठावर, सोसायटीच्या पत्र्याच्या खोलीत
पेट्रोलची वही माझ्याकडं असते.
लिटर, पैसे, सही. सही येत नसेल तर अंगठा.
या वहीत कविता लिहायची नसते,
पण मागचं पान कोरं होतं.

सटवाजी गिऱ्यांची होडी, फायबरची, चौदा फुटी,
मागं टांगलेलं पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन.
मूठ पिळली की नाक आभाळात,
बूड पाण्यात रुतलेलं,
आणि रुसलेल्या व्याह्यासारखी निघायची ती काठावरून.
पुढचं दिसायचं नाही, म्हणून म्हातारा उभ्यानं चालवायचा.
पेट्रोल तर असं प्यायची,
जशी हौदावर सोडलेली चैतातली म्हैस.

मग जिंतूरच्या मुनीर मिस्त्रीनं पंख आणला.
काळ्या प्लास्टिकचा, घारीनं ताणावा तसा दोन्हीकडं ताणलेला.
खोक्यावर पाण्याला न शिवणाऱ्या होडीचं चित्र.
पंख्याच्या वर लोखंडी नव्हे, ॲल्युमिनियमची चपटी पट्टी असते,
तिला चार भोकं पाडायची होती.
ड्रिल हातात घेऊन मुनीर दोनदा थांबला.
"एकदा पाडलं की बुजत नाही बरं का, काका."
"कान टोचल्याबगर डूल घालता येतंय का? हाण."

पहिल्या दिवशी मी काठावर उभी होते.
नाक उचललं, आणि लगेच खाली आलं,
उभं केलेल्या पोराला मास्तरनं बस म्हणावं तसं.
अर्ध्या मुठीतच होडी पाण्यावर चढली.
मागची फुगलेली पांढरी लाट
इस्त्री फिरवल्यासारखी चपटी.
सटवाजी बसून चालवत होते.
पाण्यावरनं ओरडले, "पोरी, समोरचं दिसायलंय की!"

वही हुरळत नाही.
दोन माणसं, बर्फ, जाळी, कटल्याच्या टोपल्या, बेताचा वेग:
सहा लिटर लागायचे, तिथं पाच.
एकटा म्हातारा, मूठ पूर्ण पिळलेली:
सहाच्या जागी सव्वासहा. तेवढ्या वेगात
पंखसुद्धा ओढून न्यायचं एक ओझंच.
जाळं सोडत सावकाश:
फरक नाही.
समोरून वारा असलेला दिवस:
वाचता येत नाही, अंगठा पसरलाय.

वैशाखात पाणी खाली गेलं,
बुडालेल्या बाभळींचे खुंट वर आले,
एकानं डावा पंख अर्धा नेला.
होडी एका अंगाला ओढायला लागली.
मुनीरनं उरलेला काढून खिडकीत ठेवला,
त्यावर आता खिळ्यांचा डबा आहे.
नाक पुन्हा वर. सटवाजी पुन्हा उभे.

तोवर कौसानं, त्यांच्या सुनेनं,
एका पहाटे बर्फाची पेटी मागून उचलून पुढं नेली.
टाकीही नेली, नळी पुरेल तितकी.
मोठा विचार वगैरे नव्हता,
मागं पोराचं दप्तर भिजत होतं,
त्याला कोरडी जागा पाहिजे होती.
त्या दिवशीचा आकडा: पाच आणि थोडं वर.
मी दोनदा मोजलं.
कॅन उलटा करून पाहिला.

सांगायला गेले तर सटवाजी जाळ्याला गाठी मारत बसलेले.
"म्हंजी आमचे पैसे पाण्यात?"
मी म्हटलं, तसं नाही, काका.
पंखाच्या दिवसांत तुम्ही बसून होतात,
पुढचं दिसत होतं,
मूठही कमी पिळली असेल,
ते कुठं वहीत येतंय?
त्यांनी गाठ दातांनी आवळली.
कौसा म्हणाली, "पेटी पुढंच राहू द्या. बाकी तुमचं तुम्ही बघा."

पोळ्याच्या आधी मुनीर दुसरा पंख घेऊन आला.
भोकं होतीच.
चार बोल्ट, एक चहा, जमलं.

कालची नोंद: पावणेपाच.
समोर अंगठा, निळा, नीट उमटलेला.
एका लिटरला किती रुपये वाचले
ते मी लिहिलं नाही,
कारण सटवाजी उरलेल्या पेट्रोलात
पलीकडच्या काठाला जाऊन आले,
काम काही नव्हतं,
नुसते, बसून.