मानस

चोडणच्या धक्क्याला फेरीबोट टेकली
की तिच्या लोखंडी जिभेवरून आधी स्कूटर उतरतात,
मग रिकाम्या पाट्या घेऊन बाजारातून परतलेल्या बायका,
मग मी:
खांद्याला टेप, पिशवीत नकाशा,
सर्व्हे नंबर एकशे त्रेसष्ट, पोटहिस्सा दोन.

प्रश्न छापील होता.
जमीन शेतीची, की पडीक?
उत्तराला बोटभर रकाना.

निघताना हेडक्लार्क सगुण माजीक म्हणाले होते,
"वरून फोन आलाय. पडीक लिही.
तीन वर्षं नांगर लागलेला नाही,
यात खोटं काय आहे?"
खोटं काहीच नव्हतं.
हीच तर पंचाईत.

खाजनात गुडघाभर पाणी, वर शेवाळाची साय.
रुक्मा घाडी बांधावर उभी होती,
पत्र्याच्या डब्यात मूठभर कोरगुट घेऊन.
"बियाणं जिवंत आहे अजून," म्हणाली,
"यंदा पेरू का?"
मी म्हटलं, ते माझ्या अखत्यारीत नाही.
अखत्यारीत.
एवढा मोठा शब्द, आणि मी त्याच्या मागे
मावले सगळी.

पासकोल आला तो शिव्या घालतच.
मानशीचा राखणदार. बापही राखणदार होता.
"आज सरकार वाट चुकलं वाटतं!"
बांधाचं खिंडार त्यानं दाखवलं नाही,
नुसता बाजूला झाला.
दगडांवर पहारेचे घाव होते,
जुने, शेवाळलेले,
पण पाण्यानं असे घाव पडत नाहीत
हे कळायला मोजणी शिकावी लागत नाही.

मग त्यानं मला दार दाखवलं.
लाकडाच्या दोन फळ्या, बस.
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं, उघडतात.
भरतीला नदी ढकलते, मिटतात.
"जितका जोर बाहेरून, तितकं घट्ट बसतं.
नदी कोणाची, ते विचारत नाही."
"याला मानस का म्हणतात?"
"मानस म्हणून मानस," तो म्हणाला.
डिचोलीच्या मराठी शाळेत हा शब्द
आम्हाला मनासाठी शिकवला होता.
मी त्याला सांगितलं नाही.

उजव्या दाराची खालची फळी नव्हती.
"अख्खं दार कोणी चोरत नाही, बाय.
एक फळी काढली की पुरे.
बाकीचं काम खार करतो."

गेल्या मे महिन्यात, मयेला,
होती ती विहीर मी नकाशात दाखवली नाही.
कोणी पैसे दिले नव्हते. छे.
संध्याकाळी घरी मानकुरादाची एक पेटी आली.
आईनं विचारलं, कोणी दिली?
म्हटलं, ऑफिसातून.
आईनं पहिली फोड देवापुढे ठेवली.
आंबे आंबट निघते तर बरं झालं असतं.
गोड होते.
इतके गोड, की मी दुसरा मागून घेतला.

बांधावर बसून मांडीवर अहवाल लिहिला.
शेतजमीन.
बांध फोडल्यानं खारं पाणी आत.
घावांची मापं सोबत.
मानशीची एक फळी गायब.
कसणारी हजर, बियाणं हजर.
अक्षरं रकान्यात मावेनात,
समासात गेली, समासातून मागच्या पानावर.
खाली सही केली, नाव सुटं, वाचता येईल असं.
इतकी वर्षं माझी सही
मलाही वाचता येत नव्हती.

पासकोलला वाचून दाखवलं.
तो म्हणाला, "कागद भिजू नको देऊस," आणि गेला.
रुक्माला काय सांगावं ते आताही सुचलं नाही.

परतीच्या फेरीत कठड्याला टेकून उभी राहिले.
पायी चालणाऱ्याला इथं तिकीट नाही;
हा नियम करणाऱ्याचं नाव
कुठल्याच पाटीवर नाही.

मधोमध आल्यावर पिशवीत फोन थरथरू लागला.
थांबला. पुन्हा थरथरला.
मांडवीला भरती लागली होती.
मी डोळे मिटून
आतल्या फळ्या एकेक चाचपून पाहिल्या.
मयेची एक नव्हतीच.
बाकीच्या
पाणी पीत, फुगत,
जागेवर बसत होत्या.