उभा पाइप

पहिलं धुणं निमूट जातं.
दुसऱ्याला भिंतीतला उभा पाइप ओकतो:
राखाडी, कोमट, साबणाचं पाणी
थेट माझ्या चपलांपर्यंत.

विनिपेग, जानेवारी. बाहेर उणे एकतीस.
तळघरात मी, दोन बादल्या,
आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ओरेस्ट,
घरमालक, वय एकाहत्तर.
चाळीस वर्षं बसच्या इंजिनांत हात घातला,
आता एक गुडघा वाकत नाही.

"तू राहायला आलीस ना, मारिविक, तेव्हापासून हे..."
पुढचं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
माझे युनिफॉर्म, रात्रपाळीचे मोजे,
इलोइलोहून मावशीनं पाठवलेला केसाळ टॉवेल,
सगळे आरोपी दोरीवर एका ओळीत.
मी म्हटलं, स्प्रिंग कुठंय तुमची?

होती. पंचवीस फुटी, गंजकी,
डब्यात वेटोळं घालून बसलेली.
त्यानं बॅटरी धरली, मी हँडल.
आधी प्लग काढ. होस वर ओढून घे. आता सोड खाली.
फिरव, नुसती ढकलू नकोस,
वळण आलं की तीच वळेल.
नर्स आहेस ना, नळी घालायची सवय असेल.

होती सवय.
नाकातून पोटात जाणारी नळीसुद्धा
घशाच्या वळणावर अशीच अडते,
तेव्हा आपण पेशंटला म्हणतो, गिळा.
पाइपाला काय म्हणणार?

सात फुटांवर लागलं काहीतरी.
मऊ. आणि तरी हटेना.
टोक त्यात रुतलं तेव्हा हाताला कळलं,
मी फिरवत फिरवतच मागे ओढलं.
वीतभर आलं, मग हातभर,
मग बादलीत धप्पकन पडलं
ओल्या घोंगडीचा पीळ असावा तसं.
वासाबद्दल बोलत नाही.

ओरेस्टनं बॅटरी जवळ आणली.
मी त्यात माझे रंग शोधत होते,
मोज्यांचा निळा, युनिफॉर्मचा फिका हिरवा.
चिमूटभर असतीलही.
बाकी सगळे केस.
आखूड, करडे, बुडाशी पांढरे,
साबणानं एकमेकांत वळून नमदा झालेले.

"सिर्को," तो म्हणाला.
मला वाटलं युक्रेनियन शिवी.

मग त्यानं सांगितलं, थोडंच.
भट्टीशेजारी कुत्र्याची गोधडी असायची,
दर शनिवारी ती या मशीनमध्ये.
मी येण्याच्या वर्षभर आधी गेला.
त्याच आठवड्यात ताटली दिली, पट्टा दिला,
गाडीच्या सीटसुद्धा दोनदा झाडून घेतल्या.
"घरात काही ठेवलं नव्हतं मी."
पाणी मुरत होतं ते इथं.

माफी वगैरे मागितली नाही त्यानं.
मी पिशवी उघडून धरली,
तर म्हणाला राहू दे, आणि बादली उचलून
एकेक पायरी, चांगला पाय आधी,
वर गेला.

मी होस परत बसवला, पट्टीनं आवळला,
मशीन काठोकाठ भरून नुसतं पाणी सोडलं
आणि पाइपाच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.
खाली कुठंतरी गुडगुडलं. गेलं.
मागचं दार उघडल्याचा आवाज आला,
थंडी जिना उतरून माझ्या ओल्या पायांशी आली.
दार लावल्याचा आवाज बराच वेळ नाही.

पाइपाच्या काठावरून बोट फिरवलं.
कोरडा.
मग दुसरं धुणं लावलं.