एका पानाइतका वेळ

पेयप्सी सरोवराच्या काठानं एकच रस्ता,
दुतर्फा घरं, आणि घराघरांत
माळ्यावर टांगलेले कांदे.
ऑक्टोबरनंतर गावाच्या कपड्यांना तोच वास.

मी मीटर वाचणारा माणूस.
महिन्यातून एकदा दार वाजवायचं, आकडे उतरवायचे, निघायचं.
झिनोव्हियाकाकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले
तेव्हा त्यांनी दारातच अडवलं.
"लाव्रेन्ती, तुला जुनी अक्षरं येतात ना?"
येत होती. बापानं पट्टीनं शिकवलेली.
देव येत नव्हता; ते त्यांनी विचारलं नाही.

तेव्हापासून दर शनिवारी
प्रार्थनेची पोथी माझ्या मांडीवर,
कोपरे मेणानं कडक झालेले.
समोर काकू, हातात चामड्याची जपमाळ,
शिडीसारखी, बोटांनी पायरी पायरी चढायची.
मी वाचायचो खड्ड्यांतून गाडी जावी तसा.
अर्थ निम्माशिम्मा कळायचा.
"अर्थाच्या मागे धावू नकोस," त्या म्हणायच्या.
"कांदा सोलताना मधे काय सापडणार म्हणून
घाई करतोस का?"

पहिल्याच दिवशी एका जागी पान नव्हतं.
शिवणीला चिकटून नुसती दातेरी कड.
मी पुढच्या पानावर उडी मारली,
तर त्यांनी बोट वर केलं.
"थांब. एका पानाइतकं थांबायचं."

थांबलो.
चुलीत बर्चचं लाकूड तडकलं.
दूर सरोवरावर बर्फानं कूस बदलली, गडगडून.
माझ्या डोक्यात थकलेली बिलं,
भावाशी झालेलं भांडण, डावा गुडघा.
काकूंचे ओठसुद्धा हलत नव्हते.
"हं. वाच."

फेब्रुवारीत कधीतरी, न विचारता, बोलल्या:
निकांद्र जाळं टाकायला गेला तिथं बर्फ पातळ होता.
"त्या रात्री पोथी उघडली,
समोर आलं ते पान फाडलं
आणि कंदील घेऊन त्या भोकापाशी गेले.
लोकांना सांगितलं, त्याला वाचायला दिलं.
खरं तर देवाच्या तोंडावर फेकलं."

पुढे चाळीस दिवस गेलेल्यासाठी वाचायचं होतं.
वाचता वाचता ती जागा यायची
आणि पोटात तेच भोक पडायचं.
चाळीस दिवस संपले, वाचन संपलं नाही.
किती वर्षं?
काकूंनी मोजली नव्हती.
"मग एकदा बघते, तर भोकावर साय धरलेली.
पाय ठेवून पाहिला.
मोडली नाही."

तेवढंच. मग म्हणाल्या, चहा गार झाला.

आज सकाळी बंदरापलीकडच्या घरात
जुन्या मीटरचं चाक फिरत होतं, हळू,
लाल खूण यायची, जायची, परत यायची.
वही हातात. आकडा उतरवायचा राहिला.
भाऊ नव्हता, बिलं नव्हती.
गुडघा होता, पण असू दे.
घरमालक मागून म्हणाला,
"काही बिघडलंय का?"

"नाही," म्हटलं. "वाचतोय."