वळण

लिमाच्या टोकाला, धुक्यातल्या टेकडीवर
आम्ही शनिवारी जिना बांधायला जायचो.
फुकट. त्याचा थोडा ताठा होताच.

माझ्या नकाशात पायरी सतरा सेंटिमीटरची.
सातुर्निनाबाईंनी पाण्याची बादली खाली ठेवली,
खडूने भिंतीवर रेघ ओढली:
‘गुडघ्याला विचारलंस?’
रेघ मोजली. तेरा.

मग त्या वळणावर आल्या,
दोन्ही हात पसरून सावकाश फिरल्या.
कोपर खडकाला घासलं.
‘इथे पेटी वळत नाही.’
मला वाटलं, फळांची.
‘एवारिस्तोला उभा करून उतरवला आम्ही.
मेल्यावरही बिचारा
पायऱ्याच उतरत होता.’
कुणीतरी हसलं. मग त्याही.

त्या रात्री खोडरबर झिजलं.
वळण हातभर रुंदावलं, सिमेंट कमी पडलं,
वरच्या चार पायऱ्या
अजून मातीच्याच आहेत.
त्याबद्दल मला कुणी काही बोललं नाही,
म्हणून जास्त लागतं.

परवा फोटो आला:
वळणावर कुठूनसं आणलेलं बाकडं,
दोन मुली गृहपाठ करतायत,
शेजारी सातुर्निनाबाई,
बादली पायाशी, नुसत्याच बसलेल्या.

पेटी अजून वळायची आहे.
घाई नाही.