हातचा

एकोणीस टॅबलेट, चव्वेचाळीस पोरं.
विसावा उघडतच नाही,
त्याचा आम्ही हजेरीवर ठेवायला वजन केलाय,
पंख्यानं पानं उडतात.

हेडसरांच्या खोलीत चालणारा बोर्ड एकच.
चार-चार करून रात्रभर चार्जिंग.
दगडूमामा झोपेतून उठून पाळी बदलतात,
आणि सकाळी सांगतात मला
कुणी किती पिलं.

जालन्यात, चंदनझिऱ्याच्या मागं, पालिकेची शाळा.
रोलिंग मिल चालू झाली की खिडकीच्या काचा
आपापसात बोलतात.

आधी मी एकच गणित फळ्यावर लिहायची.
पुढच्यांनी सोडवायचं,
मागच्यांनी उतरवून घ्यायचं,
घंटा मात्र सगळ्यांची सारखी.

आता जुनैद अपूर्णांकांत आहे.
वैजनाथ, ओठावर लव फुटलेला, सहावीतला,
दुसरीच्या बेरजा करतो.
पहिला आठवडा पडद्याला दंडाचा आडोसा करून बसला.
मग त्याला कळलं, कुणीच बघत नाही,
जो तो आपापल्या गणितात बुडालाय.
दंड काढला त्यानं.
मी बघितलं, बोलले नाही.

आतली बाई पुस्तकासारखं बोलते.
'छान प्रयत्न! पुन्हा करून बघूया का?'
खिचडीच्या रांगेत घुसणाऱ्याला पोरं ढकलतात
आणि म्हणतात, छान प्रयत्न!
वैजनाथ तर तिला उत्तर देतो,
'दम धरा की बाई, करायलोय ना.'

गुरुवारी रिपोर्ट येतो.
उन्नती खरातच्या नावापुढं तांबडा ठिपका.
वजाबाकी, हातच्याची.
यंत्राला सापडला तो अकरा मिनिटांत.
मी तिला तीन वर्षं शिकवतेय.
तीन वर्षं तिच्या वहीत लिहिलं, 'लक्ष दे',
खाली सही, तारीख.

यंत्र सोपं देत गेलं, अजून सोपं.
बावन्नातून सत्तावीस: पस्तीस.
एक्केचाळीसातून चौदा: सदतीस.
दर वेळी बरोब्बर दहा जास्त.
छान प्रयत्न. छान प्रयत्न.

अकराला लाइट गेली, वायफाय गेलं,
पडद्यावर गोल चाक फिरत राहिलं नुसतं.
मी तिच्याजवळ बसकरपट्टीवर बसले.

दोनातून सात जात नाहीत. मग?
'शेजाऱ्याकडून हातचा आणायचा.'
आणलास. शेजारी किती राहिले?
'पाच.'
अगं, पाच तर आधीच होते ना?

तिनं माझ्याकडं असं बघितलं
की चुकले ती मीच.
'पण बाई, मागून आणलं
तर शेजारणीचं कमी कसं होईल?
नळ आठव्या दिवशी येतो आमच्याकडं.
मधी माय जैनबचाचीकडून दोन घागरी आणती.
चाची म्हणती, ने गं,
माझं काय सरतंय व्हय.'

तीन वर्षांत एवढं लांब ती कधी बोलली नव्हती.

चाचीच्या पिंपात पाणी
वीतभर खाली गेलंच असणार, उन्नती.
झाकण उघडून बघितलंस कधी?

सांगावंच लागलं. वजाबाकीच ती.

बराच वेळ ती पेन्सिल चावत राहिली.
मग वहीत पाचावर रेघ मारली,
इतकी हलकी, की मला वाकून बघावी लागली.
वर बारकासा चार लिहिला.
खाली पंचवीस.

लाइट आली. चाक थांबलं.
तिनं उत्तर टाकलं, बाई म्हणाली, शाब्बास!
पुढचं गणित आलंसुद्धा.
उन्नतीचं बोट वरच राहिलं.

'पण तो हातचा परत कधी द्यायचा, बाई?'

सातवीला असतं ते, मी म्हटलं,
आणि वैजनाथकडं गेले.