पार्किंगच्या पावत्या वगळून

बुटांचा खोका होता, पुरुषाच्या मापाचा, अकरा नंबर.
त्यात रायली कांगसनं दोन हिवाळे भरून आणले
आणि माझ्या टेबलावर ठेवले.
‘मोजून घ्या,’ म्हणाली. बसली नाही.

मी इथल्या कौन्सिलची कारकून.
सरोवराकाठचं गाव, कागदाची गिरणी बंद पडलेली,
नोव्हेंबर लागला की दुपारी साडेचारलाच दिवे.
तिच्या निलंबनाचं पत्र मीच टाइप केलं होतं.
एक अक्षर चुकलं म्हणून पुन्हा छापलं होतं.
तेवढी काळजी घेतली होती मी.

कसूर एवढीच, की उणे एकतीसच्या रात्री
झिंगलेल्या एका म्हाताऱ्याला कोठडीत न टाकता
तिनं गस्तीच्या गाडीतून नेलं
सव्वीस किलोमीटरवर, त्याच्या बहिणीच्या दारात,
आणि तेवढ्यात इथे दारूच्या दुकानाची काच फुटली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ती चढली.
मीठ टाकलेल्या, बर्फानं तडकलेल्या पायऱ्या,
नऊ वेळा.

खोक्यात वकिलाची बिलं, सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत कापलेली.
फोनवर चर्चा, बारा मिनिटं.
पत्र वाचलं, सहा.
एका ओळीत: अशिलाला बोलता आलं नाही,
अठरा मिनिटं, आकार माफ.
मग बोट विकल्याची पावती.
तळ्यावरच्या लाकडी घराचं गहाणखत,
त्यावर चहाच्या कपाचं गोल.

अपील मंजूर झालं. निलंबन रद्द.
निकाल साडेतीन पानांचा,
खर्चाबद्दल त्यात चकार शब्द नाही.
म्हणून तो विषय आमच्याकडे आला,
बर्फ उपसायच्या यंत्राच्या दुरुस्तीनंतर, सातवा.

ओर्विल टेसियर म्हणाले, ‘जिंकली, आनंद आहे.
पण उद्या जो तो अपिलात जाईल
आणि बिल आपल्या दारात.’
कुणीतरी म्हणालं, ‘हरला तर त्याचं तो भरेल.
जिंकली, म्हणजे चूक आपली.
आपली चूक तिनं का विकत घ्यावी?’

तेव्हा मागच्या रांगेतून डेल्मा क्वांडिबेन्स उठली.
कोट काढलेला नव्हता.
‘द्या तिला,’ म्हणाली, ‘सगळे द्या.
त्या रात्री माझ्याच दारात आणून सोडलं तिनं माझ्या भावाला,
मोजे कोरडे होते त्याचे.
पण माझ्या पोराचा हात याच ठाण्यात मोडला.
चार वर्षं झाली तक्रारीला.
आमच्या वकिलाचे पैसे मी
कुठल्या खोक्यात आणू?’

हीटर तेवढा घरघरत राहिला.
महापौरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
इतिवृत्तात मी लिहिलं:
एका नागरिकाने प्रश्न विचारला.
मग ते खोडून तिचं नाव लिहिलं, पूर्ण,
आणि प्रश्नही, तिच्याच शब्दांत.
उत्तराची जागा रिकामी सोडली. ती आजही तशीच आहे.

चार विरुद्ध तीन.
एकेचाळीस हजार सहाशे ऐंशी डॉलर मंजूर, ‘वाजवी खर्च’ म्हणून.
वाजवीत काय बसतं याची यादी असते:
झोपेच्या गोळ्या बसत नाहीत,
बोट बसत नाही, फक्त तिच्या पैशांतून भरलेलं बिल बसतं,
पार्किंग बसत नाही.

शुक्रवारी ती गणवेशात आली.
चेकवरचा आकडा वाचला नाही, सही केली.
नामंजूर पावत्या रबर लावून मी परत दिल्या.
त्यात एक दंडाची होती,
सुनावणी लांबली त्या दिवशीची,
खाली तिच्याच ठाण्यातल्या हवालदाराची सही.
ती हसली. हसू जरा जास्त वेळ टिकलं.

‘खोका द्या,’ म्हणाली,
‘नवऱ्याचे बूट उघड्यावर पडलेत दोन वर्षं.’

खिडकीतून दिसलं, खाली गाडी चालू ठेवून
तो हवालदार थांबला होता. हल्ली त्यांची पाळी एकत्र असते.
त्यानं वाकून तिच्यासाठी आतून दार उघडलं.
ती क्षणभर उभीच राहिली,
काखेत खोका, तोंडातून वाफ,
मग बसली.